सनदेनंतरची तीन वर्षं

पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका पौर्णिमेला देवळाच्या वाटेवर पेढ्याच्या दुकानात उभा होतो. काट्यावर अर्धा किलो पेढे तोलणारा मुलगा ओळखीचा निघाला. कोल्हापुरात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. खोक्याला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "सर, सनद मिळाल्यावर सिनियर महिन्याला किती देतात ओ?" मी म्हणालो, "पहिल्या वर्षी काही मिळेल असं धरू नकोस." त्याचा हात दोऱ्यावर थांबला. गल्ल्यावर बसलेले त्याचे वडील म्हणाले, "साहेब, पाच वर्षं फी भरली. आता आणखी किती दिवस घरातनं द्यायचे तेवढं सांगा. सोय करतो."

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात, कारण असा काही प्रश्न असतो हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पदवी हातात आली की पोरगं मार्गी लागलं, असं घर समजतं. वकिली, सनदी लेखापालाचं काम, मोठ्या सल्लागार कंपन्या, न्यायाधीशपद या पेशांत खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. वकिलीत तर पहिली दोन-तीन वर्षं जवळजवळ बिनपगारी किंवा अगदी तुटपुंज्या पैशांवर काढावी लागतात. ज्याच्या वडिलांचं शहरात चेंबर आहे, त्याला ही वर्षं जाणवतही नाहीत. राहायला घर, फिरायला गाडी, पहिलं प्रकरण काकांच्या ओळखीचं. वाडी, कुरुंदवाड, शिरोळच्या मुलाची मात्र याच वर्षांत गळती होते.

माझ्याबरोबर तालुक्यातल्या आणखी तिघांनी सनद घेतली होती. दोघं वर्षाच्या आत परत गेले. एक साखर कारखान्यात लागला, दुसऱ्यानं दुकान टाकलं. हुशारीत ते माझ्यापेक्षा कमी नव्हते. माझ्या पहिल्या सिनियरनं चौदा महिन्यांत मला दोनदा पाकीट दिलं, दोन्ही वेळा दिवाळीच्या आसपास. मी टिकलो, कारण थोरला भाऊ उसाचं बिल आलं की त्यातनं माझी खोली आणि मेस भागवायचा. फरक एवढाच होता, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आज हे लिहायचं कारण म्हणजे संधी कधी नव्हे इतकी जवळ आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली होती. हायकोर्टात काम करायचं तर मुंबईत भाड्यानं खोली घ्यावी लागायची, आणि तिथंच आपल्याकडची बहुतेक मुलं माघार घ्यायची. आता वाडीहून एसटीनं सव्वा-दीड तासात उच्च न्यायालय गाठता येतं. पण अंतर कमी झालं म्हणून आतली जागा आपोआप आपली होणार नाही. मुंबईची आणि पुण्याची मुलंही इथं येतील, आणि ती तयारीनं येतील.

म्हणून पहिलं काम पैशांचं. शेवटच्या वर्षाला असतानाच घरात बसून वहीच्या एका पानावर हिशेब मांडा. कोल्हापुरातली खोली, मेस, प्रवास, काळा कोट आणि पांढरे बँड, पुस्तकं, मोबाइल, झेरॉक्स. समजा महिन्याला नऊ हजार लागतात. दोन वर्षांचे दोन लाख सोळा हजार झाले. हा माझा अंदाज आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. आईवडिलांना, भावाला, बहिणीला हे पान दाखवा. फी भरताना जशी तरतूद केली तशी याचीही करायची आहे, आणि ती निकालानंतर नाही, आधी. रोज वाडीहून ये-जा करून खोलीचे पैसे वाचवता येतात, पण मग संध्याकाळी सिनियरच्या चेंबरमध्ये थांबता येत नाही. शिकणं तर तिथंच होतं. कोर्टात ऐकायला मिळतं, चेंबरमध्ये लिहायला मिळतं. मुलींच्या बाबतीत घरचे शेवटच्या एसटीची वेळ धरून बसतात आणि पोरीचा चेंबरमधला वेळ सगळ्यात आधी कापला जातो. दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यायची व्यवस्था आधीच करा. तो खर्च वायफळ नाही.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर एक तारीख त्याच पानावर लिहा. बहुतेक कर्जांचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतात. म्हणजे हातात काही येत नाही नेमक्या त्याच काळात. बँकेत आधीच जाऊन हप्ता पुढं ढकलता येईल का, सुरुवातीला फक्त व्याज भरलं तर चालेल का, हे विचारून ठेवा. शिकत असतानाच्या सवलतीही नीट घ्या. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून घ्यावा लागतो. घाईत मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी वसतिगृहाबाहेर राहण्याच्या खर्चाला स्वाधार योजना आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिराती वर्षातून ठरावीक वेळीच येतात. महिन्यातून एकदा त्यांची संकेतस्थळं उघडून पाहायची सवय लावा.

सनदेसाठी किती पैसे लागतात, यावर बऱ्याच घरांत अजून जुने आकडे फिरतात. पूर्वी काही राज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी ते थांबवलं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ प्रमाणे खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा तो निकाल आहे. मुद्रांक शुल्क वेगळं. निकालात न्यायालयानं हेही म्हटलं की भरमसाट शुल्कामुळं दुबळ्या घरातल्या मुलांची वाट अडते. कुणी वेगळ्या नावाखाली मोठी रक्कम मागितली तर पावती मागा आणि या निकालाचा उल्लेख करा.

सनदेच्या पैशांची अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही चुकली नव्हती. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये मुंबईला परतले. तेव्हा वकिलीची सनद घेण्यासाठी त्यांना नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. पुढं अस्पृश्य बॅरिस्टरकडं काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवलं आणि घर चालवलं. त्याच्या कितीतरी आधी आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी हा पेच ओळखला होता. १९०२ मधल्या पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशाची आठवण सगळे काढतात. पण १९०१ पासून त्यांनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली, कारण गावातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं नाही तर जागा राखून उपयोग नाही, हे त्यांना कळत होतं. अस्पृश्य समाजातल्या काही शिकलेल्यांना त्यांनी संस्थानात वकिलीच्या सनदाही दिल्या. आपल्याला आज लागते ती मदतही तशीच आहे. पदवी आणि पहिली कमाई यांच्या मधल्या काळात कुणीतरी धरून ठेवायला हवं.

अर्धवेळ कमाईचा मार्ग आजही खुला आहे, पण नियम माहीत हवेत. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कायदा शिकवता येतो, मात्र दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. कायद्याच्या परीक्षांच्या शिकवण्या, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन, वृत्तपत्रात लिहिणं, व्याख्यानं हे सगळं चालतं. वाडीतल्या मुलांनी पुढचं नीट वाचा. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. वारसाहक्कानं आलेला घरचा व्यवसाय चालू ठेवता येतो, पण त्याच्या कारभारात स्वतः भाग घेता येत नाही. म्हणजे सनदेनंतर दर गुरुवारी आणि पौर्णिमेला पेढ्याच्या काट्यावर उभं राहायचं, तोच गल्ला सांभाळायचा, हे नियमात बसत नाही. वडिलांना हे आधीच समजावून सांगा. दत्तजयंतीच्या गर्दीत दुकानाला एक हात कमी पडणार आहे. त्याची सोयही त्या वहीच्या पानावर आली पाहिजे.

आता सिनियर कसा निवडायचा. आपल्याकडची मुलं ओळखीतला पहिला वकील धरतात आणि दोन वर्षं फक्त तारखा घेत राहतात. त्यापेक्षा आठवडाभर कोर्टात बसा आणि पाहा. कोण साक्षीपुरावा स्वतः चालवतो, कोणाचे ज्युनियर उभे राहून बोलतात, कोण मुदत मागण्याऐवजी युक्तिवाद करतो. अशा दोन-तीन नावांकडं स्वतः जा. सुरुवात जयसिंगपूरच्या कोर्टात करायची की थेट बेंचवर, यावर मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष खालच्या कोर्टात काढा. कैफियत लिहिणं, साक्षीदार तपासणं, नकलेचा अर्ज करणं, रोजनामा वाचणं तिथंच अंगवळणी पडतं. हायकोर्टातली अर्धी प्रकरणं खाली झालेल्या चुकांवरच उभी असतात.

पैशांचं आधी बोला. लाज वाटते, पण बोला. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना द्यावा, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही आणि आपल्या भागात ती फारशी पाळली जात नाही. तरी एक आकडा कागदावर आहे, त्याचा आधार घ्या. बोलायचं असं: "सर, मला तुमच्याकडं शिकायचंय. घरून दोन वर्षं थोडी मदत होईल. प्रवास आणि जेवणाचा खर्च निघाला तर मी रोज रात्री आठपर्यंत थांबू शकतो." यात याचना नाही, आणि समोरच्याला काय द्यायचं आहे हे त्यालाही कळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही चौकशी करा. आरोपींना मोफत बचाव देण्यासाठी तिथं मानधनावर वकील नेमतात आणि सहायक पदाला थोड्या वर्षांचा अनुभव पुरतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून वर्षभर पगारी काम करता येतं, याची आपल्या कॉलेजांत फारशी चर्चाच होत नाही.

न्यायाधीश व्हायचं ठरवलेल्यांसाठी मोठा बदल झाला आहे. २० मे २०२५ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची आहेत आणि लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. निकालाचा हेतू मला पटतो. कोर्ट न पाहिलेला न्यायाधीश नको. पण गरीब घरातल्या मुलीला याचा अर्थ आणखी तीन वर्षं बिनपगारी काढणं असाही होतो, आणि हे मोठ्यानं म्हटलं पाहिजे. तुमच्या हातात आहे ते असं: निकाल लागताच नोंदणी करा, घरी बसून नुसती क्लासची पुस्तकं वाचत वर्ष घालवू नका. अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतूनही देता येते. कोणत्या प्रकरणात कोणत्या तारखेला उभे राहिलात याची डायरी पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण पुढं अनुभवाचा दाखला घ्यायचा आहे.

इंग्रजीबद्दल मन मोकळं करून लिहितो. जिल्ह्याची कोर्टं मराठीतून चालतात, उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी चालते. जयसिंगपूरला उत्तम उलटतपासणी घेणारा मुलगा बेंचवर मान खाली घालून उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. त्याला कायदा येत नाही असं नाही. बोलायला लागायच्या आधी तो मनात वाक्य जुळवत असतो. स्पोकन इंग्लिशच्या क्लासनं हे फारसं सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठी भाषांतरासह मोफत मिळतात. रोज एका निकालाची चार पानं घ्या, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा. नंतर गुजरात किंवा कर्नाटक उच्च न्यायालयाचं यूट्यूबवरचं कामकाज अर्धा तास ऐका. कोर्टातली इंग्रजी ठरावीक असते. शंभरेक वाक्यप्रकार तोंडात बसले की भीती जाते. मला आठ महिने लागले.

मोठ्या लॉ फर्म आणि सल्लागार कंपन्यांचं दार वेगळं आहे. तिथली भरती मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि आयआयएमसारख्या संस्थांतून होते. विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा इंग्रजीतूनच असते आणि फी वर्षाला काही लाखांत जाते. बारावीतल्या मुलांनी आयडिया (IDIA) या संस्थेची माहिती काढा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ती सुरू केली आणि वंचित घरातल्या मुलांना या विद्यापीठांपर्यंत पोचवणं हेच तिचं काम आहे. मुलाखतीच्या खोलीत काय चालतं हेही माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये २०१६ च्या एका सरकारी अहवालात आढळलं की सुटाखाली तपकिरी बूट घातलेल्या हुशार मुलांना काही बँका नाकारत होत्या, कारण बुटांचा अलिखित नियम फक्त वरच्या घरांतल्या पोरांना ठाऊक होता. आपल्याकडं सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या जातींच्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडं पाठवले होते. २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दलित आडनावांना बोलावणी कमी आली. याच सुमाराच्या दुसऱ्या अभ्यासात कंपन्यांचे अधिकारी मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात आणि तिच्यावरून मत बनवतात, असं दिसलं. तेव्हा "वडील काय करतात?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं ठेवा. वडील नाव चालवत असतील, ऊस तोडत असतील तर एका वाक्यात सांगा आणि पुढच्या वाक्यात स्वतःच्या कामावर या. लपवलेलं उत्तर अडखळतं.

सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्यांना थोडा दिलासा आहे. तिथं आर्टिकलशिपमध्ये किमान विद्यावेतन ठरवून दिलेलं असतं आणि २०२३ पासून हा काळ तीन वर्षांवरून दोनवर आला आहे. आर्टिकलशिप सांगली-कोल्हापुरात करायला हरकत नाही, फक्त नुसत्या टॅलीतल्या नोंदी भरून घेणारं ऑफिस टाळा.

आपल्या तालुक्यात हुशार मूल दिसलं की लोक एमपीएससी, यूपीएससी म्हणतात. मला त्यामागचं कारण दिसतं. तिथं ओळख लागत नाही, जाहिरात सगळ्यांना दिसते. म्हणून त्या एका दारापाशी पोरं वयाच्या तिशीपर्यंत उभी राहतात. बाकीच्या दारांची माहिती गावात पोचली तर गर्दी वाटली जाईल.

ओळखीचं म्हणाल तर वाडीकडं ती आहे, पण सगळ्यांकडं नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातून इथं वकील, न्यायाधीश, लेखापाल, डॉक्टर दर्शनाला येतात. पुजारी घरांशी त्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे संबंध आहेत, दुकानदारांना ते नावानं ओळखतात. इथल्याच नदीच्या घाटावर नाव वल्हवणाऱ्याच्या, फुलं विकणाऱ्या बाईच्या, ऊसतोड कामगाराच्या मुलाला ही ओळख कधीच मिळत नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी असा कुणी तुमच्या ओसरीवर बासुंदी खायला बसला, तर गावातल्या एका दुसऱ्याच्या मुलाचं नाव सांगा, "याला महिनाभर तुमच्या ऑफिसात बसू द्या" म्हणा. स्वतःच्या मुलासाठी तर तुम्ही सांगताच.

आणि कागदपत्रं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी घरांतल्या गुणपत्रिका चिखलात गेल्या. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळ्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आणि स्कॅन करून ईमेलवर ठेवा. मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं. जात वैधतेला वेळ लागतो, ती प्रवेशाच्या वर्षाची वाट न पाहता आधीच काढा.

पेढ्याच्या दुकानातल्या त्या मुलाला मी सोमवारी सकाळच्या एसटीनं बेंचवर यायला सांगितलं. तुम्हीही या. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं. ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर बसा. आदल्या रात्री संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा बोर्ड पाहून आपल्या तालुक्यातलं एखादं प्रकरण हेरून ठेवा. वहीत दोनच गोष्टी लिहा: न्यायमूर्तींनी पहिला प्रश्न काय विचारला, आणि वकिलानं उत्तर देताना कोणतं पान उघडलं. तो मुलगा आला तेव्हा त्यानं साडेअकरापर्यंत सात प्रकरणं लिहिली होती, आणि आठव्याला त्यानं मला हळूच विचारलं, "सर, हे पान आपल्याला आधी कुठं मिळतं?"